आजारपणात छोट्या गोष्टींचा आनंद परत येतोय, पण घरचे हातात काहीच काम देत नाहीत, काय करू?

केळीचा_पोंगा (चोपडा तालुका)

नमस्कार मंडळी. मी इथं नेहमी नुसती वाचते, लिहायची पहिलीच वेळ आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ४३. घरी केळी आणि थोडा कापूस. सव्वा वर्षापासून डायलिसिसवर आहे. बीपी बरीच वर्षं वाढलेलं होतं आणि मी डोकं दुखतंय म्हणून गोळ्या खाऊन कामाला लागायचे, त्यातच दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा जळगावला जावं लागतं, चार तास मशीनवर, पहाटे निघून परत येईपर्यंत दिवस संपतो. डायलिसिस सरकारच्या महात्मा फुले योजनेत बसतं म्हणून निभावतंय, बाकी गाडीभाडं आणि इंजेक्शनं चालूच असतात.

पहिले सहा महिने मी कोणाशी धड बोललेच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ज्यांच्या घरात असं झालंय त्यांना माहीत आहे.

मग उन्हाळा आला आणि पाण्याचं सुरू झालं. मला लघवी जवळजवळ होत नाही म्हणून दिवसाला सगळं मिळून ८०० मिली, त्यात चहा आला, वरण आलं, गोळ्या गिळायचं पाणी पण आलं. आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको, दुपारी पारा ४४-४५ पर्यंत चढतो. मुलीने देवघरातलं एक छोटं फुलपात्र औषधाच्या मापाने मोजलं, काठोकाठ भरलं की ६० मिली. तेव्हापासून मी त्यातूनच पिते. आधी शेतातून आले की तांब्या वर करून घटाघटा प्यायचे, माठात वाळ्याची जुडी दरवर्षी मीच टाकायचे पण त्या पाण्याला वास असतो हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आता एक घोट घेते, लगेच गिळत नाही. आधी दातांना गार लागतं मग टाळूला आणि मग वाळ्याचा वास नाकात वर चढतो आणि डोळे आपोआप मिटतात. एक फुलपात्र मला पाच मिनिटं पुरतं. पहिल्यांदा असं झालं त्या दुपारी मला कळेना की मला हे काय वाटतंय, मग लक्षात आलं की बरं वाटतंय. खूप दिवसांनी.

मग एकेक सुरू झालं. केळी तर मला पूर्ण बंद, त्यातल्या पोटॅशियममुळे, किडन्या ते बाहेर टाकत नाहीत. ज्या घरात घडाच्या घड उतरतात त्या घरात मी एक फणी सोडा एक केळ खाऊ शकत नाही, याचं सुरुवातीला इतकं वाईट वाटायचं की मी बागेकडे जाणंच सोडलं होतं. आता संध्याकाळी ऊन उतरलं की हे मला गाडीवर मागे बसवून नेतात. बांधाजवळच्या एका झाडाला मी जुन्या साडीची चिंधी बांधलीय. त्याचा पोंगा बघते. गुंडाळी असते ना ती, पोपटी, आतून जवळजवळ पांढरी, ती एका बाजूने सुटत सुटत जाते. साधारण दर तीन डायलिसिसला एक पान पूर्ण उलगडतं. मी आता दिवस तसेच मोजते. २२ वर्षं केळीत काम केलं, पान उलगडताना कधी थांबून बघितलं नव्हतं, घड किती किलोचा निघेल तेवढंच बघायचो.

हातावर फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून दोन रक्तवाहिन्या जोडलेली जागा, त्यावर बोट ठेवलं की आत घरघर लागते, ती रोज तपासायला सांगितलीय, थांबली तर लगेच यायचं म्हणून. माझी धाकटी, ९ वर्षांची, ती रोज झोपताना माझ्या हातावर कान ठेवते आणि ओरडते, "मम्मी मोटर चालू आहे!" आमच्याकडे बोअरची मोटर चालू झाली की घरात जसा आनंद होतो ना, अगदी तसं ओरडते. त्या आवाजाशिवाय आता मला पण झोप येत नाही.

जळगावला जाताना विदगावला तापीचा पूल लागतो, तिथं मी खिडकीची जागा कोणाला देत नाही.

आता खरा प्रश्न. घरचे खूप चांगले आहेत, एक शब्द वाईट बोलत नाही कोणी. पण प्रेमापोटी त्यांनी माझ्या हातातून सगळंच काढून घेतलंय. सासूबाईंचं एकच, "तू बठ वं, मी करस." मेथी निवडायला घेतली की जाऊ ताट ओढून घेते. दही मी विरजायचे, ते पण गेलं. यावर्षी डिसेंबरमध्ये शेतात भरीत पार्टी झाली, आपल्याकडे होतेच दर थंडीत, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजायची, मुसळीने ठेचायची, कांद्याची पात, लसूण, मिरची, वरून शेंगदाणे. दरवर्षी वांगी सोलायला मी पुढे. यंदा मला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर शाल गुंडाळून बसवलं. पाहुणीसारखं. हात स्वच्छ होते माझे, सगळ्यांचे काळे होते, आणि मी त्या हातांकडे बघत बसले होते.

मागच्या महिन्यात सगळे लग्नाला गेले होते, मी आणि धाकटी घरी. मी कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ काढलं आणि भाकरी थापायला बसले. पंधरा महिन्यांनी. पहिली एका बाजूला फाटली. दुसरी तव्यावरून आरावर टाकली आणि ती टम्म फुगली हो, पूर्ण, कडेपर्यंत. मी तिथंच बसून रडले. दुःखाने नाही, मला सांगता येत नाहीये कशाने. शेजारच्या काकूंनी बघितलं आणि संध्याकाळी घरी सांगितलं, मग सगळ्यांची तोंडं उतरली, सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत, "आमी मेल्यावर कर काम" म्हणाल्या.

तर मला दोन गोष्टी विचारायच्यात. एक, असं तुमच्यापैकी कोणाचं झालंय का, की मोठा आजार झाल्यावर बारीकसारीक गोष्टी गोड लागायला लागल्या? जाऊ म्हणते ही मनाची समजूत आहे, मोठं सगळं गेलं म्हणून लहान धरून ठेवलंय. मला कधीकधी वाटतं तिचं खरं असेल. आणि दुसरं, घरच्यांना न दुखावता माझं थोडं काम मला परत कसं मागू?

---

भुसावळचा_टेक्निशियन

ताई, राम राम. मी डायलिसिस टेक्निशियन आहे, अकरा वर्षं झाली. तुमचं पूर्ण वाचलं, दोनदा वाचलं.

आधी कामाचं बोलतो. फिस्टुला चांगला तयार झाला असेल तर हलकं काम चालतं, सुरुवातीला आम्हीच तर पेशंटला रबरी चेंडू दाबायला देतो. त्या हाताने जड उचलायचं नाही म्हणजे हंडा, पाण्याची बादली, पिठाचा डबा हे नाही. त्या हातात घट्ट बांगड्या नको, घड्याळ नको, त्या हातावर डोकं ठेवून झोपायचं नाही, बीपी आणि रक्त कोणालाच त्या हातातून घेऊ द्यायचं नाही. भाजणं आणि कापणं सांभाळायचं. मेथी निवडणं, दही लावणं, दोन भाकरी थापणं याने काही बिघडेल असं मला वाटत नाही, पण तुमचा हात मी बघितलेला नाही म्हणून एकदा तुमच्या किडनीच्या डॉक्टरांना विचाराच, आणि विचारताना सासूबाईंना सोबत न्या. हे महत्त्वाचं आहे. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की म्हाताऱ्या माणसाची भीती निम्मी होते, मी रोज बघतो.

डायलिसिसच्या दिवशी मात्र काही करू नका, त्या दिवशी अंगात काहीच नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बरं वाटतं, तो वेळ स्वतःसाठी ठेवा. आणि तहानेचं म्हणाल तर ती पाणी कमी पडण्यापेक्षा मिठाने जास्त वाढते. आपल्याकडे शेव, पापड, लोणचं ताटात असतंच, तिथं हात आवरला तर तेवढ्याच ८०० मिलीत दिवस सोपा जातो. एखादा बर्फाचा तुकडा चघळायचा, तो पण मापात धरायचा. कळण्याच्या पिठात मीठ असतं आणि उडीद पण असतात, तेव्हा किती खायची ते डाएटिशियनला विचारून ठरवा.

आता जाऊबाईंच्या म्हणण्याबद्दल. मी काही मानसोपचारवाला नाही. पण चार तास एका खुर्चीला बांधलेली माणसं मी रोज बघतो. चौथा तास सगळ्यात जड जातो, पाय दुखतात, चिडचिड होते. त्या वेळी मी त्यांना मशीनची गोष्ट सांगतो. १९४३ मध्ये नेदरलँड्समध्ये, युद्ध चालू, देश जर्मनांच्या ताब्यात, तेव्हा विलेम कोल्फ नावाच्या डॉक्टरने पहिलं चालणारं डायलिसिस मशीन बनवलं आणि त्यात रक्त गाळायला काय वापरलं तर सॉसेज भरायचं सेलोफेनचं आवरण! सुरुवातीचे बहुतेक पेशंट वाचले नाहीत, १९४५ मध्ये पहिल्यांदा एक पेशंट वाचली, एक बाई. आणि मग १९६० मध्ये अमेरिकेत सिएटलला डॉक्टर स्क्रिब्नर यांनी हातात कायमची नळी ठेवायची युक्ती काढली तेव्हा कुठे पुन्हा पुन्हा डायलिसिस करणं शक्य झालं, त्यांचा पहिला पेशंट क्लाइड शील्ड्स त्याच्यावर ११ वर्षं जगला. त्याच्या आधी किडनी कायमची गेली म्हणजे दिवस मोजायचे. हे सांगितलं की एक काका आहेत माझ्याकडे, रेल्वेतून रिटायर, ते दर वेळी म्हणतात, "म्हणजे भो, आजची संध्याकाळ बोनस." आणि मग ते मला सांगतात की आज घरी गेल्यावर ते काय करणार आहेत. कधी नातीच्या वहीला कव्हर घालायचं असतं, कधी नुसतं अंगणात पाणी मारायचं असतं. ते बोलताना त्यांचा चेहरा मी बघतो ना ताई, ती समजूत वाटत नाही मला.

---

पथारीवरचा_मुनीम (नंदुरबार)

माझा आजार वेगळा, पण लिहितो.

तोंडाचा कॅन्सर. तंबाखू ३० वर्षं खाल्ली, कोणाला दोष देत नाही. चार वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, जिभेचा एक भाग गेला, मग ३० रेडिएशन. नाकातून नळी घालून तीन महिने दूध, सूप, पातळ भरडी असं पोटात ढकलायचे, चव हा प्रकारच नाही. नळी निघाल्यावर पण दीड वर्ष वरण माती लागायचं. लाळ कमी झाली ती अजून कमीच आहे, खिशात पाण्याची बाटली ठेवावी लागते.

मी मिरचीच्या व्यापाऱ्याकडे हिशेबाचं काम करायचो. नंदुरबारच्या लोकांना सांगायला नको, थंडीत पथारीवर लाल मिरची पसरलेली असते, जिकडं बघाल तिकडं लाल. तिखटाचा एक कण आता माझ्या तोंडाला चालत नाही, फोड येतात. केळीवाल्या ताईंना केळी बंद, मला मिरची बंद, हे वाचून मला तुमच्याशी बोलावंसं वाटलं. मी पण वर्षभर तिकडं फिरकलो नव्हतो. मग एकदा मालकांनी बोलावलं, जुना हिशेब सापडत नव्हता म्हणून, आणि सकाळी ९ च्या सुमारास मी तिथं उभा राहिलो. दव पडलेलं होतं, ऊन आलं आणि ती सगळी मिरची चमकली. ठसक्याने डोळ्यात पाणी आलं, नाक वाहायला लागलं, बायका मिरची खालवर करत होत्या त्या मला बघून हसल्या, "भाऊ आले" म्हणाल्या. मला जेवल्यासारखं वाटलं. अजून जातो, आठवड्यातून एकदा, नुसता बघायला. सीझनमध्ये.

दुसरी गोष्ट माझ्या नातवाची. ऑपरेशननंतर दोन महिने बोलता येत नव्हतं तर मी पाटीवर लिहायचो. नातू पहिलीत. घरात मोठी माणसं असली तरी पाटी वाचायचा मान त्याचा, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. मी लिहायचो "पाणी", तो बोट ठेवून पा... णी... असं जोडायचा आणि मग सगळं घर ऐकेल असं ओरडायचा आणि पळायचा. त्याला जोडाक्षरं यायला लागली तसा मी मुद्दाम अवघड लिहायला लागलो. "रात्री" लिहिलं तर पंधरा मिनिटं घेतली त्याने. तो शाळेतून यायच्या वेळेला मी दारात खुर्ची टाकून बसायचो, दुखणं असायचं तेव्हाही असायचं पण ती वाट बघणं वेगळं होतं. आता मला बोलता येतं, अस्पष्ट येतं पण येतं, तरी कधी कधी तो पाटी आणून देतो.

तुमच्या जाऊबाईंना सांगा की मोठं गेलं म्हणून लहान धरलं हे खरं असेल, मला पण तसंच झालं. पण धरल्यावर ते हातात आलं, रिकामी मूठ नव्हती.

घरच्यांचं म्हणाल तर माझी बायको तशीच होती. मी तिला म्हणालो, तू मला एक काम दे, फक्त एक, आणि ते तू करायचं नाही. तिने लसूण सोलायचा दिला. चार वर्षं झाली, आमच्या घरातला लसूण मीच सोलतो. सगळं एकदम मागू नका, एक मागा.

---

आईची_लेक_धुळे

मला थोडं वेगळं सांगायचंय, वाईट वाटून घेऊ नका.

माझी आई गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली, मागच्या पोळ्याच्या आधी. शेवटचं दीड वर्ष मी नोकरी सोडून तिच्याजवळ होते. येणारा प्रत्येक माणूस सांगायचा, आनंदी राहा, पॉझिटिव्ह राहा, छोट्या गोष्टीत सुख शोध. मोबाईलवर तसे मेसेज. मी पण त्यातलीच झाले होते. तिच्या उशाशी फुलं ठेवायची, भजन लावायचे, आई बघ आज हवा किती छान आहे. एक दिवस ती म्हणाली, "मला आज काहीच आवडत नाही. तेवढं तरी मला राहू दे." मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले आणि मला कळलं की मी तिच्यावर आनंदाचं पण ओझं टाकलं होतं, तिला माझ्यासाठी हसावं लागत होतं.

त्यानंतर मी विचारणं बंद केलं. तिला नको असेल त्या दिवशी खिडकी पण उघडायची नाही. आणि मग कधीतरी ती स्वतःहून म्हणायची. चैत्रात गल्लीतल्या बायका आमच्या गच्चीवर कुरडया करत होत्या, ती म्हणाली मला वर न्या. दोघांनी उचलून नेलं, सावलीत बाजेवर ठेवलं. ती तिथून सांगत होती, चीक अजून शिजू दे, उलथन्यावरून कसा पडतो ते दाखव मला, हां, आता घे. सगळ्या बायका तिला दाखवत होत्या. मग वाटीत चमचाभर गरम चीक, त्यावर थोडं तेल. तिने दोन वेळा जिभेवर घेतला, जास्त जात नव्हता. "मीठ कमी पडलं" म्हणाली. बरोबर होतं, कमी होतं. त्या दिवशी ती दुपारभर बोलत होती, तिच्या माहेरच्या कुरडयांबद्दल, आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) झोक्यांबद्दल, कोण कोणाला ढकलून द्यायचं.

म्हणून केळीचा_पोंगा ताई, तुमचं सगळं मला पटतं, तुमच्या भाकरीला मी पण रडले. फक्त ज्या दिवशी पोंगा बघून काहीच वाटणार नाही त्या दिवशी स्वतःवर रागावू नका. आणि असे दिवस सलग दोन आठवडे वगैरे गेले, झोप नाही, जेवण नाही, जगणं नको वाटतंय, तर ते डॉक्टरांना सांगायचंच, ते औषधाने आणि बोलण्याने बरं होतं. सरकारची टेलिमानस म्हणून हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. मी माझ्यासाठी केला होता फोन, आई गेल्यावर.

---

शाळामास्तर_अमळनेर

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नावर प्रत्यक्ष अभ्यास झालेला आहे आणि तो नेमका डायलिसिसच्या पेशंटवरच झालाय म्हणून मुद्दाम लिहितोय.

२००५ साली अमेरिकेत जेसन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो छापला. ४९ डायलिसिसचे पेशंट आणि त्यांच्याच जोडीचे ४९ निरोगी लोक घेतले. प्रत्येकाच्या हातात एक छोटं यंत्र दिलं, ते आठवडाभर मधूनमधून वाजायचं आणि विचारायचं की आत्ता या क्षणाला तुम्हाला कसं वाटतंय. नंतर आठवून सांगायचं नाही, त्या क्षणीच नोंदवायचं. निघालं काय, तर दोन्ही गटांच्या मनःस्थितीत फारसा फरक नव्हता. निरोगी लोकांना जेव्हा विचारलं की डायलिसिसवर असता तर कसं वाटलं असतं, तेव्हा त्यांनी जो अंदाज केला तो पेशंटच्या खऱ्या नोंदींपेक्षा खूपच वाईट होता.

म्हणजे तुमच्या जाऊबाई बाहेरून बघून जे म्हणतात ते अगदी स्वाभाविक आहे, बाहेरून तसंच दिसतं. तुम्ही रोज ते जगताय, तुमची नोंद जास्त खरी.

४९ जोड्यांचा लहान अभ्यास आहे आणि परिस्थिती पण तिकडची, त्यामुळे सगळ्यांना सरसकट लागू करू नये, वरच्या ताईंनी लिहिलंय ते मी नाकारत नाही. पण वर्गात मी मुलांना नेहमी सांगतो की माणसाला काय वाटतंय हे त्यालाच विचारावं, म्हणून मला हा अभ्यास फार आवडतो.

---

केळीचा_पोंगा (चोपडा तालुका)

सगळ्यांना नमस्कार. बारा दिवसांनी लिहितेय, मध्ये दोनदा ताप आला होता, आता बरी आहे. तुमचं एकेक उत्तर यांना पण वाचून दाखवलं. धुळ्याच्या ताई, तुम्ही लिहिलेलं मी मुलीला वाचायला दिलं नाही, ते माझ्याजवळ ठेवलंय. असे दिवस येतात, तापात आलेच होते. तेव्हा तुमच्या आईचं वाक्य आठवलं आणि मी भिंतीकडे तोंड करून पडले आणि त्याचं वाईट वाटून घेतलं नाही.

भुसावळच्या दादांनी सांगितलं तसं केलं. मागच्या शुक्रवारी सासूबाईंना सोबत नेलं. त्या पहिल्यांदाच आल्या, आतापर्यंत त्यांना मशीन बघायची हिंमत होत नव्हती. चार तास बाहेर बाकावर बसल्या, मध्ये एकदा नर्सने आत आणलं तर त्या नळ्यांमधलं लाल बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. मग डॉक्टरांना मी त्यांच्यासमोरच विचारलं. डॉक्टर म्हणाले हात चांगला तयार झालाय, जड उचलायचं नाही, बाकी घरातलं हलकं करू द्या. डाएटिशियन मॅडमनी कळण्याची अर्धी भाकरी आठवड्यातून एकदा सांगितली, पिठात मीठ न टाकता वेगळं दळून आणायचं. सासूबाईंनी डॉक्टरांना तीन वेळा विचारलं, "काही व्हनार नही ना?" ते तिन्ही वेळा नाही म्हणाले.

परत येताना पुलावर मी खिडकीची जागा त्यांना दिली.

मुनीम भाऊ, मी एकच काम मागितलं, दही. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री दूध तापवून कोमट करून भांडं माझ्यापुढे आणून ठेवलं आणि विरजणाची वाटी बाजूला, आणि समोर बसून राहिल्या. करंगळी बुडवून बघितलं, थोडं गरम होतं, थांबले, मग विरजण घातलं आणि ढवळलं. सकाळी झाकण मीच उघडलं. घट्ट लागलं होतं, वर पिवळी साय, सुरी लावली असती तर वडी पडली असती. फॉस्फरसमुळे मला त्यातलं दोनच चमचे खाता येतं. पण सगळ्यांच्या ताटात मी वाढलं, आणि मोठा मुलगा जेवता जेवता म्हणाला आज दही कोणी लावलं.

काल रविवार होता. वेगळं दळलेलं पीठ आलं. सासूबाई चुलीपुढे बसल्या आणि मला म्हणाल्या, "चाल, दोन कर, तिसरी मी करस." मी दोन केल्या. त्यांनी तिसरी केली. पीठ लागलेल्या हातांनी आम्ही दोघी तिथंच बसलो होतो तर धाकटी आली आणि माझा हात ओढून कानाला लावायला लागली, झोपायची वेळ नव्हती तरी. सासूबाई म्हणाल्या, काय आयकस वं पोरी? तिने सांगितलं. सव्वा वर्षात त्यांनी त्या हाताला भीतीने कधी बोट लावलेलं नाही, आंघोळीला मदत करताना पण लांबून. त्या सरकल्या आणि हळूच कान ठेवला. बराच वेळ ठेवला. त्यांच्या कानातल्या बुगडीचं गार माझ्या हाताला लागत होतं.

"चालू शे," म्हणाल्या.

उद्या सकाळची गाडी आहे म्हणून आता थांबते. भुसावळच्या दादा, एक विचारायचं राहिलं, भाकरीवर तीळ लावले तर चालतील का किती चालतील ते सांगा, सासूबाई विचारत आहेत. आणि मास्तर, तो अभ्यास मी जाऊला सांगितला, ती म्हणाली मग मला पण बागेत ने, बघू तुझा पोंगा. बुधवारी जाणार आहोत.